ग्वाल्हेरच्या खुल्या मैफलींचा खर्च कोण उचलत आलं?

ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाला, म्हणजे तिथल्या संगीत महोत्सवाला, तिकीट नसतं. शहरातल्या हजीरा भागात सूफी संत मोहम्मद गौस यांच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनांची साधीशी समाधी आहे. तिच्या आवारात मांडव पडतो आणि ज्याला ऐकायचं तो येऊन बसतो. २०२४ साली या समारोहाने शंभरी गाठली. त्याच्या आदल्या वर्षी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान दिला. दोन्ही वेळी कौतुक झालं ते ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीचं आणि गवयांचं, आणि ते रास्तच होतं. मात्र इतकी वर्षं लोकांना गाणं विनामूल्य ऐकायला मिळालं, त्यामागे पैसे घालणारं कोणीतरी कायम होतं. ते कोण, हे काळाबरोबर बदलत गेलं. आज एखादी छोटी संस्था बागेत किंवा देवळाच्या पटांगणात मैफल ठरवते तेव्हा तिची जी दमछाक होते, ती समजून घ्यायला हा बदल पाहावा लागतो.

शिंदे दरबाराने गवई पोसले. ख्यालगायक हद्दू खाँ, हस्सू खाँ इथलेच. त्यांच्या परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशींकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि ही ख्यालगायकी महाराष्ट्रात पोचली. पण दरबारातलं गाणं दरबारातल्यांसाठी होतं. ते सामान्य माणसाच्या कानावर यावं, ही दृष्टी महाराज माधवराव शिंद्यांच्या काळात दिसते. संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या मदतीने १९१८ मध्ये त्यांनी संगीत विद्यालय काढलं आणि १९२४ पासून तानसेनांचा उरूस, म्हणजे आजचा समारोह, राज्याच्या आश्रयाने भरू लागला. इथे एक गोष्ट विसरू नये. सरकारी विद्यालयाच्या चार वर्षं आधी, १९१४ मध्ये, गवई कृष्णराव शंकर पंडितांनी स्वतःच्या हिमतीवर गांधर्व महाविद्यालय सुरू केलं होतं. म्हणजे राज्याचा हात आणि खासगी संस्थेची धडपड या शहरात पहिल्यापासून शेजारी शेजारी आहेत.

समारोहाची सुरुवात आजही सनईने होते. मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, त्यानंतर मिलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगान, आणि चादर. आपल्या मराठी घरांना यातली हरिकथा जवळची. कीर्तनाला तिकीट लावायची कल्पनाही कोणी केली नाही. शेवटी आरतीचं ताट फिरतं, ज्याला जमेल तो टाकतो आणि ज्याला जमत नाही तोही तितक्याच मानाने बसतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी वस्तीचा गणेशोत्सवही असाच वर्गणीवर उभा राहिला. मांडवाचं भाडं, कलावंताची बिदागी, दिवाबत्ती हे सगळं पावती पुस्तकातून निघायचं. मला ही व्यवस्था दरबारी आश्रयाइतकीच मोलाची वाटते. तिची नोंद इतिहासात कमी आहे, इतकंच.

१९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन मध्यभारत हे राज्य झालं आणि दरबाराची जबाबदारी सरकारकडे आली. समारोहाला राष्ट्रीय रूप मिळालं ते तेव्हाचे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या पुढाकाराने. मध्य प्रदेश झाल्यावर तो राज्याच्या संस्कृती खात्याकडे आला; आता उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत व कला अकादमी त्याची व्यवस्था पाहते. दिल्लीत १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमी सुरू झाली, १९८६ मध्ये नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आलं. सरकारचा स्वतःचा उत्सव अशा रीतीने सुरक्षित झाला. बाकीच्या संस्थांच्या वाट्याला मात्र नवी भूमिका आली, अर्जदाराची.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी अनुदानाची सोय आहे. मर्यादा साधारण पाच लाख रुपयांची, अपवाद म्हणून वीस लाखांपर्यंत. त्यासाठी संस्था नोंदणीकृत हवी, नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर हवी, लेखापरीक्षण झालेले ताळेबंद हवेत, आणि कार्यक्रमानंतर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच लागल्याचा दाखला, द्यावं लागतं. हिशेब मागणं योग्यच आहे, पैसा जनतेचा आहे. अडचण दुसरीकडे आहे. अनुदान कार्यक्रमाला मिळतं, संस्थेला नाही. सगळी रक्कम बहुधा आधी हातात येत नाही, आणि तंबोरेवाल्यापासून साऊंडवाल्यापर्यंत सगळ्यांना पैसे त्याच रात्री द्यायचे असतात. ही मधली रक्कम कार्यकर्ते स्वतःच्या खिशातून घालतात. ज्यांना ती घालता येत नाही, ते अर्जच करत नाहीत. सभागृहापेक्षा उघड्यावरच्या मैफलीत हा भार जास्त असतो. मंच, प्रकाश, जनरेटर, पोलीस आणि महापालिकेची परवानगी, असं सगळं शून्यातून उभं करावं लागतं आणि तिकिटाचा आधार नसतो.

काही नियम उपकारक आहेत, तेही सांगायला हवं. शास्त्रीय किंवा लोककलेच्या कार्यक्रमासाठी कलावंताचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. २०१४ पासून कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत कला आणि संस्कृतीचा समावेश आहे. आयकर सवलतीची मान्यता असलेल्या संस्थेला देणगी दिली तर जुनी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला करात सवलत मिळते. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी मात्र रात्री दहानंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केले. राज्य सरकार वर्षात पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्री बारापर्यंतची सूट देऊ शकतं, पण ते दिवस सरकार ठरवतं. रात्रभर चालणाऱ्या मैफलींच्या या शहरात, तानसेनांच्या नावाशी जोडलेला दरबारी कानडा हा उत्तररात्रीकडे झुकलेला राग छोट्या संस्थांच्या मंचावर साडेनऊला उरकावा लागतो. रहिवाशांच्या झोपेचा हक्क मला मान्य आहे, तरी याचं वाईट वाटतं.

दरबाराकडून गवयाला ठरावीक रकमेची नेमणूक असायची, म्हणजे पुढच्या वर्षीही पैसे येणार हे त्याला ठाऊक असे. वर्गणीही दरवर्षी त्याच घरांतून येई. आजच्या अनुदानात नेमकी हीच खात्री गळाली आहे. ज्या संस्थेने सलग काही वर्षं विनामूल्य मैफली केल्या आणि हिशेब चोख दिले, तिला एकाच अर्जावर तीन वर्षांची तरतूद आणि निम्मी रक्कम आगाऊ मिळावी. अलाउद्दीन खाँ अकादमीने याची सुरुवात ग्वाल्हेरपासून करावी.