बर्डशॉट युव्हायटिस सोसायटी

बर्डशॉट युव्हायटिस सोसायटी ही ब्रिटनमधील रुग्णसाहाय्य संस्था आहे. युव्हायटिस म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. डोळ्याच्या मागच्या भागाला सूज आणणाऱ्या ‘बर्डशॉट’ या दुर्मीळ विकाराचे रुग्ण, त्यांचे घरचे लोक आणि या विकारावर काम करणारे डॉक्टर यांची गाठ घालून देण्यासाठी ती २००९ मध्ये रुग्णांच्या पुढाकारातून उभी राहिली. निदान झाल्यानंतर माहिती आणि आधार देणे, तसेच संशोधनाला चालना देणे ही तिची मुख्य कामे.

बर्डशॉटमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती दृष्टिपटलावर आणि त्याच्या पाठीमागच्या रंजितपटलावरच उलटते. बाहुल्या मोठ्या करून पाहिल्यास डोळ्याच्या मागच्या पडद्यावर फिकट, मलईच्या रंगाचे ठिपके विखुरलेले दिसतात. बंदुकीतून उडालेल्या छर्र्यांसारखी त्यांची पांगापांग पाहून रायन आणि मॉमनी या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी १९८० मध्ये हे नाव दिले. विकार बहुधा चाळिशी-पन्नाशीत सुरू होतो, दोन्ही डोळ्यांना होतो, स्त्रियांत किंचित जास्त आढळतो आणि आजवरचे बहुतेक सर्व रुग्ण युरोपीय वंशाचे आहेत. तज्ज्ञ केंद्रांकडे येणाऱ्या, डोळ्याच्या मागच्या भागातील युव्हायटिसच्या रुग्णांतही त्याचा वाटा साधारण ६ ते ८ टक्के एवढाच असतो. साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरला अख्ख्या कारकिर्दीत असा एकही रुग्ण भेटत नाही, यात नवल नाही.

एचएलए-ए२९ हे आनुवंशिक चिन्ह जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या रक्तात सापडते. हा संबंध १९८२ मध्ये उजेडात आला. एचएलए, म्हणजे प्रतिकारशक्तीला आपल्या पेशी ओळखायला मदत करणारी पेशींवरची प्रथिने, आणि आजार यांच्या ज्ञात संबंधांत तो सर्वांत घट्ट संबंधांपैकी एक आहे. मात्र युरोपीय वंशाच्या सुमारे ७ टक्के लोकांत हे चिन्ह असते आणि त्यांतल्या अगदी थोड्यांनाच बर्डशॉट होतो. ही दुसरी बाजू नीट सांगितली नाही, तर रक्ताचा अहवाल हातात पडताच रुग्णाला स्वतःपेक्षा मुलांची काळजी लागते. मुलांकडे चिन्ह जाऊ शकते, पण त्यामुळे त्यांना आजार होईलच असे मुळीच नाही. एकाच घरात दोघांना बर्डशॉट होणे फारच विरळा. एवढे एक वाक्य जाणत्या माणसाकडून वेळेवर ऐकायला मिळणे, हे अशा संस्थेच्या मदतीचे अगदी साधे आणि मोलाचे रूप होय.

या आजाराची खरी अडचण वेगळीच आहे. नेत्रतपासणीचा तक्ता म्हणजे पांढऱ्याशुभ्र पाटीवर काळीकुळकुळीत अक्षरे. बर्डशॉटचा रुग्ण सुरुवातीला, कधी कधी पुढेही बराच काळ, ती खालच्या ओळीपर्यंत वाचतो. कागदावर नजर ६/६ लागते. तोच माणूस संध्याकाळी राखाडी जिना उतरताना पायरीची कड न दिसल्यामुळे अडखळतो. रंग उडाल्यासारखे वाटतात, उन्हातून सावलीत आल्यावर बराच वेळ काही सुचत नाही, समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांत घुसतात, काळे तंतू तरंगत राहतात, कडेला प्रकाश लुकलुकतो. ‘नजर तर उत्तम आहे’ असे ऐकून घरी परतलेल्या रुग्णाचा स्वतःवरचाच विश्वास डळमळतो. घरच्यांनाही नेमके काय होते आहे ते उमगत नाही. आपल्यासारखेच दिसणारा, म्हणजे आपल्यासारखेच *न* दिसणारा, दुसरा माणूस भेटला की पहिल्यांदा हे भास नाहीत याची खात्री पटते. रुग्णसंघटनेची गरज इथे सर्वांत स्पष्ट कळते.

वैद्यकानेही रुग्णांच्या या तक्रारींना दुजोरा दिला आहे. इलेक्ट्रोरेटिनोग्राम या तपासणीत डोळ्यापाशी इलेक्ट्रोड ठेवून सेकंदाला ३० वेळा प्रकाश लुकलुकवतात आणि दृष्टिपटलाचे उत्तर किती मिलिसेकंदांनी उमटते ते मोजतात. बर्डशॉटमध्ये हे उत्तर उशिरा येते आणि तक्ता बिनचूक वाचणाऱ्या रुग्णातही हा उशीर पकडता येतो. म्हणूनच उपचार लागू पडतो आहे की नाही हे ठरवताना दृष्टिक्षेत्राची (नजर स्थिर ठेवून आजूबाजूचे किती दिसते त्याची) तपासणी, ओसीटी (प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाच्या थरांचे चित्र काढणारी तपासणी) आणि डोळ्यातील रक्तवाहिन्यांची रंगद्रव्य टोचून काढलेली छायाचित्रे यांच्या जोडीला ही तपासणी महत्त्वाची ठरते.

उपचार लांबलचक असतो. सूज आवरायला आधी स्टेरॉइड, मग त्यांचा डोस उतरवता यावा म्हणून मायकोफेनोलेट, सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, आणि तेवढ्याने भागले नाही तर अडॅलिमुमॅबसारखी जैविक औषधे (सजीव पेशींत तयार केलेली, प्रतिकारशक्तीच्या नेमक्या दुव्यावर काम करणारी) दिली जातात. डोळ्यातच बसवायची स्टेरॉइडची सूक्ष्म कांडीही वापरतात. स्टेरॉइडमुळे झोप उडते, चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. मोतीबिंदू आणि काचबिंदूचा धोका असतो. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्याला मूत्रपिंडावर आणि रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. डोळ्यांसाठी सबंध शरीराला औषध द्यायचे, तेही वर्षानुवर्षे, हा निर्णय पचायला जड जातो. गोळ्या मनानेच बंद करू नयेत हे डॉक्टर सांगतातच. पण त्याच गोळ्या घेऊन नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्या माणसाने सांगितलेले अधिक पटते. औषध कोणते आणि किती, हे मात्र डॉक्टरनेच ठरवायचे.

सोसायटीच्या कामातला सर्वांत ठसठशीत उपक्रम म्हणजे ‘बर्डशॉट डे’. देशभर एकेकटे विखुरलेले रुग्ण, त्यांचे जोडीदार आणि या विकाराचे तज्ज्ञ दिवसभर एका सभागृहात बसतात. पहिला मेळावा २०१० मध्ये लंडनला झाला. रुग्णाला तिथे सोबत मिळते. डॉक्टरला मिळते ते याहून वेगळे. एरवी एका रुग्णालयात मोजकेच रुग्ण पाहायला मिळतात, इथे ते एकत्र भेटतात. पुढे नॅशनल बर्डशॉट रिसर्च नेटवर्क उभे राहिले, ते याच जवळिकीतून. या विकाराच्या रुग्णांच्या जगण्याचा दर्जा मोजण्यासाठी तयार केलेल्या प्रश्नावल्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तक्त्याला न दिसणारा त्रास आकड्यांत मांडायची सोय झाली, म्हणून हे काम मला संस्थेशी निगडित संशोधनात सर्वांत अर्थपूर्ण वाटते. त्याच वर्षी युरोपातील संशोधकांनी ईआरएपी२ या जनुकाचा बर्डशॉटशी असलेला संबंध दाखवला. त्यासाठी एकाहून अधिक देशांतील रुग्णांचे नमुने एकत्र करावे लागले. दुर्मीळ आजारात रुग्ण जमवणे हाच संशोधनाचा अर्धा भाग असतो.

औषध मंजूर होणे आणि ते सरकारी सेवेतून मिळणे या ब्रिटनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाइस ही संस्था औषधाचा लाभ आणि खर्च ताडून शिफारस करते आणि त्या प्रक्रियेत रुग्णसंघटनांचे म्हणणे मागवते. असंसर्गजन्य, म्हणजे जंतुसंसर्गामुळे न होणाऱ्या, युव्हायटिससाठी अडॅलिमुमॅब आणि डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची कांडी यांची शिफारस तिने जुलै २०१७ मध्ये, ठरावीक अटींवर केली; बर्डशॉटचे रुग्ण याच गटात मोडतात.

रोजच्या जगण्यातले प्रश्नही कमी नाहीत, आणि त्यांत गाडीचा प्रश्न सर्वांत नाजूक. ब्रिटनमध्ये वाहन चालवणाऱ्याला २० मीटरवरची नंबरप्लेट वाचता यावी लागते आणि आडवे दृष्टिक्षेत्र किमान १२० अंश लागते. पहिली अट सहज पार करणारा रुग्ण दुसरीत अडकू शकतो. दोन्ही डोळ्यांच्या दृष्टीवर परिणाम करणारा आजार असल्यास परवाना खात्याला कळवणे बंधनकारक आहे. नोकरीत मोठा पडदा, वेगळी प्रकाशयोजना यांसारखी साधने हवी असल्यास ‘अ‍ॅक्सेस टू वर्क’ या सरकारी योजनेतून मदत मागता येते. बऱ्याच नेत्ररुग्णालयांत अशा कामांसाठी खास संपर्क अधिकारी असतात.