इंग्रजी शिकणारे परदेशी विद्यार्थी: सहली आणि स्वयंसेवा

इंग्रजी शिकायला किंवा इंग्रजीतून शिकायला दुसऱ्या देशात आलेल्या मुलांना वर्गाबाहेर काढून लोकांत मिसळायला लावायचं, म्हणून संस्था जी फिरणी, खेळ, सणवार आणि गावातली बिनपगारी कामं ठरवतात, त्याबद्दलची ही नोंद. इंग्लंड, आयर्लंड, माल्टा इथल्या लँग्वेज स्कूलमध्ये याला सोशल प्रोग्रॅम म्हणतात आणि त्याचं रीतसर टाइमटेबल लागतं, एक दिवस क्विझ, एक दिवस म्युझियम, शनिवारी दुसऱ्या शहरात डे ट्रिप. आपल्याकडे हेच काम विद्यापीठाचं ऑफिस, एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ पासूनची) पोरं आणि हॉस्टेलमधले उत्साही सिनियर मिळून करतात, त्यामुळे टाइमटेबल कमी आणि व्हॉट्सॲप ग्रुप जास्त.

यामागे थोडा अभ्यासही आहे. भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन म्हणतात की भीती आणि लाज असली की कानावर पडलेली भाषा आत मुरतच नाही, म्हणजे हसतखेळत वातावरण पाहिजे. पण याच विषयातल्या मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांबद्दल जे लिहिलं ते जास्त कामाचं: वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्या मुलांना समजायचं छान, बोलण्या-लिहिण्यात मात्र ती मागेच राहायची, कारण स्वतः तोंड उघडून नीट सांगायची वेळच फारशी येत नव्हती. सहल आणि सेवाकाम यातला फरक इथेच आहे. सहलीत गप्प बसून चालतं, कामात चालत नाही.

गोव्यात हे अगदी स्पष्ट दिसतं. ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ १९८५ चं, आणि आयसीसीआर या सरकारी सांस्कृतिक संस्थेच्या शिष्यवृत्तीवर भारतात येणारी मुलं घरी फ्रेंच, अरबी, पोर्तुगीज, अफगाणिस्तानातली दारी अशी काहीही बोलणारी असतात. त्यांना जुन्या गोव्यात नेलं, बॉम जीझस चर्च दाखवलं (तिथली चर्चेस १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत), पणजीच्या जुन्या फोंतेन्हास वस्तीत फोटो काढले, जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाऊन आले, चालत जाणाऱ्याला फेरी फुकट म्हणून खर्चही नाही, दिवस मस्त जातो. पण बसमध्ये एका देशाची मुलं एकत्र बसतात आणि संध्याकाळपर्यंत इंग्रजी बोलतो तो फक्त गाइड. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तर अजून गंमत, मिरच्या किंवा मयडे गावची केळी घेताना बोटांनी आकडे दाखवून भागतं, बाई चार आकडे इंग्रजीत सांगते आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी कोकणी-मराठीत सुरू होते. टुरिस्टांची सवय असलेल्या जागी मोडक्यातोडक्या इंग्रजीवर सगळं निभतं, त्यामुळे ते मोडकंच राहतं. भाषेच्या हिशेबाने गोवा सोयीचा आहे, आणि तीच अडचण.

उलट किनारा सफाई घ्या. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर इंटरनॅशनल कोस्टल क्लीनअप होतो, १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावरून सुरू झालेला. यात नुसता कचरा उचलायचा नसतो, काय किती सापडलं त्याची नोंदही करायची असते. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर एक गट बघा: एकाने गोणी धरलीय, दोघं वाकून उचलतायत, चौथ्याच्या हातात पेन आणि कार्ड. सिगारेटचं थोटूक, बाटलीचं झाकण, जाळ्याचा तुकडा, उचलणाऱ्याने ओरडून सांगितल्याशिवाय लिहिणाऱ्याला कळत नाही, आणि अर्धी फुटलेली काच एकच धरायची की तुकडे मोजायचे यावर वाद होतोच. तो वाद इंग्रजीतच घालावा लागतो, कारण उचलणारा काबूलचा आणि लिहिणारी डिचोलीची. म्हणून गट पाडताना प्रत्येक गटात एक तरी स्थानिक आणि एका भाषेचे दोघे नकोत एवढं पाळलं तरी अर्धं काम झालं. दुर्दैवाने आयोजकांना ग्रुप फोटोची घाई जास्त असते.

वृद्धाश्रमातली भेट हा दुसरा आवडता प्रकार. इथे एक गोव्याचीच खासियत: १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राज्यात शाळा केलेल्या आजी-आजोबांना पोर्तुगीज येतं, त्यामुळे मोझांबिकचा मुलगा आला की इंग्रजी बाजूला आणि दोघं तासभर पोर्तुगीजमध्ये. इंग्रजीच्या नावाने शून्य, पण ती भेट रद्द करा असं कोण म्हणेल! फक्त एकदाच जाऊन फळं वाटून परत येण्यात काही अर्थ नाही, दर आठवड्याला तोच माणूस तिथेच गेला तर गप्पा पुढे सरकतात. चवथीला (गणेश चतुर्थीला) कुणाच्या घरी नेणंही असंच, पाहुणा म्हणून पाटावर बसवून नेवऱ्या (करंज्या) खायला घातल्या तर तो थँक्यूपुढे जात नाही, आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधायला हाताशी घेतला तर शंभर प्रश्न विचारतो.

गोव्यातून बाहेर जाणाऱ्यांचीही हीच गोष्ट. इंग्लंडमध्ये स्विंडनला गोंयकारांची मोठी वस्ती आहे, आपलेपणा मिळतो पण घरी-दारी आपलीच भाषा. तिथे पार्करन उपयोगी पडतं: २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात सुरू झालेली, शनिवारी सकाळी ५ किलोमीटरची फुकट धाव, आणि सगळी व्यवस्था स्वयंसेवकांची. टोकन वाटणे, बारकोड स्कॅन करणे, वळणावर उभं राहून लोकांना हाळी देणे, वाक्यं छोटी आणि तीच तीच, नवख्याला एकदम परवडणारी. त्यानंतर चॅरिटी शॉपचा, म्हणजे धर्मादाय संस्थेच्या दुकानाचा काउंटर, तिथे मात्र गिऱ्हाईक काय विचारेल ते सांगता येत नाही.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसात ठरलेले तास आणि नेमून दिलेली जबाबदारी असलेलं बिनपगारी काम आठवड्याच्या तासांच्या मर्यादेत धरतात, अधूनमधून केलेली हौशी मदत धरत नाहीत, तेव्हा आधी कॉलेजला विचारून घ्यावं. भारतात स्टुडंट व्हिसा शिक्षणापुरता, पगारी नोकरी नाही, आणि १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर काम असलं तर लाल बावटा म्हणजे काय ते बस सुटायच्या आधी सगळ्यांना सांगून ठेवायचं, घोटाभर पाण्यातसुद्धा कुणी उतरायचं नाही.