बुटाचं लेदर आणि घड्याळाचा पट्टा: निगा एकसारखी नाही

बूट कसे जपायचे हे बहुतेकांना ठाऊक असतं: ब्रश, क्रीम, पॉलिश, एकच जोड रोज न घालणं. गडबड होते ती हीच पद्धत घड्याळाच्या लेदरच्या पट्ट्याला लावल्यामुळे. पट्टा ताठ झाला, वास येऊ लागला, की लोक वरून कंडिशनर, म्हणजे लेदर मऊ ठेवणारं क्रीम, चोळतात. दोन दिवस तो चमकतो, दुखणं मात्र तसंच राहतं.

कारण बुटाला त्रास मुख्यतः बाहेरून होतो आणि पायाचा घाम बराचसा मोजा टिपतो. पट्ट्याला मोजा नाही! घाम थेट अस्तरात जिरतो. पाणी उडून जातं, पण क्षार आणि त्वचेचा तेलकटपणा आतच साचतो. शिवाय हे क्षार हवेतला ओलावाही ओढून घेतात. पट्टा उलटून पाहा: मनगटाला टेकणारा भाग काळपट आणि कडक झालेला दिसेल, आणि बक्कलपाशी, जिथे तो रोज वाकतो, तिथे बारीक चिरा. वरच्या बाजूला लावलेलं क्रीम तिथवर पोचतच नाही. उलट बरेचसे पट्टे म्हणजे चिकटवून शिवलेले दोन थर. तेल जास्त मुरलं की चिकटवलेलं सुटायला लागतं, भोकं ताणली जातात.

म्हणून पट्ट्याला तेलापेक्षा विश्रांती हवी. घड्याळ काढलं की अस्तर सुती कापडाने पुसा आणि बक्कल उघडं ठेवून रात्रभर सावलीत, हवेशीर जागी ठेवा. लगेच डबीत बंद करू नका. फार घाम आला असेल तर आधी किंचित ओलसर कापड फिरवा. दोन पट्टे आलटून पालटून वापरणं मला कुठल्याही महागड्या क्रीमपेक्षा मोलाचं वाटतं. मनगटावर पट्टा थोडा सैल बांधा, हवा खेळू द्या.

सॅनिटायझरने पट्टा पुसणं तर ताबडतोब थांबवा. त्यातलं अल्कोहोल रंग आणि वरचा थर उतरवतं. हेअर ड्रायर आणि कडक ऊनही नको. घड्याळावर लिहिलेली १०० मीटरची पाणीरोधक क्षमता घड्याळापुरतीच. पट्टा पोहायला नेऊ नका.

कंडिशनर पूर्ण वर्ज्य नाही. वरची बाजू कोरडी दिसली तर बोटभर कापडाने अगदी पातळ हात द्या. स्वेडला, म्हणजे लव असलेल्या मऊ लेदरला, तोही नाही. वाळवूनही वास जात नसेल किंवा अस्तराला भेग पडली असेल, तर सरळ नवा पट्टा घ्या.