पदव्युत्तर संशोधन प्रकल्प (यंत्र अभियांत्रिकी)

यंत्र अभियांत्रिकीत पदव्युत्तर किंवा पीएच.डी. पदवीसाठी विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेले व प्रबंधरूपाने मांडलेले संशोधन. विषयनिवड, पूर्वसंशोधनाचा आढावा, प्रबंधलेखन व मौखिक परीक्षा हे टप्पे इतर विद्याशाखांसारखेच असतात. वेगळेपण येते ते यंत्राचा एखादा भाग किंवा चाचणीसंच प्रत्यक्ष उभा करावा लागतो तेथे.

उगम : या प्रथेचा आरंभ कोठे धरावा याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार तो येल विद्यापीठाने १८६३ मध्ये जोसाय विलर्ड गिब्ज यांना दिलेल्या पीएच.डी.पासून धरावा. सरळ दंतचक्रांच्या दात्यांचा आकार हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आणि अभियांत्रिकीतील अमेरिकेची ही पहिली पीएच.डी. मानली जाते. मात्र प्रबंधातील विवेचन बहुतांशी भूमितीय असून तो छापला गेला १९४७ मध्ये. त्यामुळे त्यातून परंपरा सुरू झाली असे म्हणणे अवघड आहे. दुसरे मत १८९९ हे वर्ष महत्त्वाचे मानते. त्या वर्षी जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याने प्रशियातील तंत्रविद्यालयांना अभियांत्रिकीतील डॉक्टरेट देण्याचा अधिकार दिला. म्यूनिक ज्या राज्यात येते त्या बव्हेरियात तो १९०१ च्या सुमारास पोहोचला. त्यामुळे म्यूनिकच्या तंत्रविद्यालयात ऑगस्ट फोप्ल यांचे विद्यार्थी असलेल्या लुडविग प्रांटल यांना, उंच व अरुंद छेदाची तुळई भाराखाली बाजूला का कलंडते यावरील प्रबंधासाठी, १९०० मध्ये पदवी घ्यावी लागली ती म्यूनिक विद्यापीठाकडून. प्रथा म्हणून विचार करता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

पुढे प्रांटल जर्मनीतीलच गटिंगेन विद्यापीठात गेले. तेथे हाइन्रिख ब्लाझियस यांनी सीमास्तरावर (पृष्ठभागालगतच्या, घर्षणाने मंदावलेल्या प्रवाहाच्या पातळ थरावर) आणि थिओडोर फॉन कारमान यांनी स्तंभांच्या वाकण्यावर प्रबंध लिहिले. प्रांटल यांचेच विद्यार्थी कार्ल हीमेंझ यांच्याकडे पाण्याच्या प्रवाहात ठेवलेल्या वृत्तचितीभोवतीचा (गोल दंडगोलाभोवतीचा) दाब मोजण्याचे काम होते. प्रवाह काही केल्या स्थिर होईना. चितीचा छेद पुरेसा गोल नसावा, या शंकेने ती पुन्हा घासून घेतली गेली, तरी आंदोलने थांबली नाहीत. कारमान यांनी पुढे सांगितलेली ही हकीकत थोडी रंगवलेली असणे शक्य आहे. आंदोलनांचा दोष यंत्रणेकडे नसावा, असे धरून कारमान यांनी १९११ च्या सुमारास मागे सुटणाऱ्या भोवऱ्यांच्या दोन रांगांचे स्थैर्य गणिताने तपासले. रांगांमधील अंतर व एकाच रांगेतील लगतच्या भोवऱ्यांमधील अंतर यांचे गुणोत्तर सुमारे ०.२८१ असेल तरच ही रचना टिकते, असे त्यांना आढळले. असे भोवरे आंरी बेनार यांनी आधीच, १९०८ च्या सुमारास, नोंदवले होते व पुढे अग्रक्रमाचा दावाही केला. निरीक्षणाचे श्रेय बेनार यांना आणि स्थैर्याच्या उपपत्तीचे कारमान यांना देणे रास्त ठरेल. हीमेंझ यांचे नाव मात्र वस्तूच्या अग्रभागी थबकणाऱ्या प्रवाहाच्या समीकरणांच्या उत्तराशी जोडलेले राहिले.

पद्धती : प्रायोगिक प्रकल्पात बराच काळ चाचणीसंच जुळवण्यात, गळत्या बंद करण्यात आणि संवेदकांच्या अंशांकनात (ज्ञात मापाशी ताडून पाहण्यात) जातो, प्रबंधात त्याला जेमतेम एखादे प्रकरण मिळते. मापनातील अनिश्चितता निष्कर्षापर्यंत कशी पोहोचते हे दाखवणे आवश्यक असते. उदा., नळीतील स्तरीय (थरांनी शांतपणे वाहणाऱ्या) प्रवाहाचा दर दाबावरून काढताना व्यासाचा चौथा घात येतो. म्हणून व्यासातील १% चूक उत्तरात सुमारे ४% होते.

संगणकीय प्रकल्पांत फायनाइट एलिमेंट पद्धती (वस्तूचे लहान तुकडे कल्पून गणित सोडवण्याची रीत; हे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये रूढ केले) किंवा संगणकीय द्रवगतिकी (प्रवाहाची समीकरणे संगणकावर सोडवणे) वापरतात. अशा तुकड्यांची जाळी अधिक बारीक केल्यावर उत्तर बदलत नाही, हे निदान तीन जाळ्यांवर दाखवावे असा संकेत आहे. समीकरणे अचूक सुटली का आणि ती त्या घटनेला लागू पडतात का, हे प्रश्न वेगळे असून दुसऱ्यासाठी प्रयोगाचे आकडे लागतातच. केवळ रंगीत आलेखांवर भिस्त ठेवणारे प्रबंध परीक्षक बहुधा येथेच अडवतात.

पदव्युत्तर पातळीवर ज्ञात पद्धती नव्या प्रश्नाला लावली तरी चालते, पीएच.डी.साठी मौलिक भर अपेक्षित असते.