शून्य सावली बारा पस्तीसला का? मुंबईच्या ३९ मिनिटांची पार्श्वभूमी

मे महिन्याच्या मध्यावर मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो. हौशी मुलं गच्चीवर बाटली, डबा नाहीतर पाइपचा तुकडा उभा करून टक लावून बसतात. सूर्य नेमका डोक्यावर आला की वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली शिरते. पण हे घडतं तेव्हा घड्याळात बारा वाजून पस्तीस मिनिटं झालेली असतात. जुलैच्या शेवटी सूर्य दक्षिणेकडे परतताना सावली पुन्हा गडप होते, तेव्हा तर पावणेएक. पुण्याला मे महिन्यात हीच वेळ १२.३१ येते आणि नागपूरला १२.१०. मग एखादं पोर हमखास विचारतं, "मध्यान्ह म्हणजे दुपारचे बारा ना?"

मध्यान्ह म्हणजे सूर्य माथ्यावर, हे खरंच. पण आपल्या मनगटावरचं घड्याळ मुंबईचं नाही, ते उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळचं आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. मुंबई या रेषेच्या पश्चिमेला पावणेदहा अंशांना थोडी कमी, म्हणजे सूर्य इथे माथ्यावर यायला सरासरी ३९ मिनिटं उशीर. वर्षभर हा आकडा थोडा मागेपुढे होतो, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे मुंबईची खरी मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२२ ला येते, तर फेब्रुवारीच्या मध्यावर १२.५३ ला.

भूगोल इथे संपतो. पुढची गोष्ट भांडणाची आहे, आणि ते भांडण मुंबईने चाळीसहून अधिक वर्षं चालवलं.

गावागणिक वेळ वेगळी असणार, हे आपल्याकडे नवीन नव्हतं. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून मोजायचा. त्याच्या साठ घटका, एका घटकेची साठ पळं. घटका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचं. लग्नघरी पाण्यात घटिकापात्र सोडून मुहूर्त साधायचे आणि ते बुडालं की घटका भरली. 'घटका भरणे' हा आपला वाक्प्रचार तिथलाच. जुन्या ज्योतिर्गणितात मध्यरेखा उज्जैनीवरून जात असे. आपलं गाव त्या रेषेच्या पूर्वेला की पश्चिमेला, यावरून गणितात 'देशांतर' धरावं लागे. एका अंशाला दहा पळं. मुंबई उज्जैनीच्या पश्चिमेला सुमारे तीन अंश, म्हणजे अर्ध्या घटकेचा फरक. गणित तेच, फक्त मिर्झापूरच्या जागी उज्जैनी. मोठा फरक हा की देशांतर ज्योतिषाच्या पाटीवर राहायचं. त्यापायी कोणाला अंथरुणातून लवकर उठावं लागत नसे.

हे बदललं आगगाडीने. इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्येच आपल्या सगळ्या स्थानकांवर लंडनची वेळ लावली होती, पण तिथल्या कायद्याने ती देशभर मान्य करायला १८८० उजाडलं. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा वेळेचा काही प्रश्न नव्हता. ठाणं आणि मुंबई यांच्या सूर्यात फरक तो कितीसा! १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई–कलकत्ता रूळ जोडले गेले आणि पंचाईत झाली. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं, कलकत्त्याची जवळपास ५ तास ५४ मिनिटं. एका गाडीचं वेळापत्रक कुठल्या घड्याळाने छापायचं? रेल्वेने मधला मार्ग काढला. मद्रासमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ साली बांधलेली वेधशाळा होती आणि मद्रासचा रेखांश मुंबई–कलकत्ता यांच्या जवळजवळ मधोमध पडत होता. मुंबईहून अर्धा तास पुढे, कलकत्त्याहून अर्ध्या तासाहून थोडी मागे. तिथून रोज दुपारी चारला तारेने वेळेचा इशारा सुटायचा आणि देशभरची स्थानकं आपापली घड्याळं जुळवून घ्यायची.

स्थानकात मद्रास वेळ आणि फाटकाबाहेर मुंबई वेळ, हे लोकांनी चालवून घेतलं. गाडी पकडायची तर अर्धा तास आधी निघायचं, इतकंच. मुंबईला स्वतःची वेधशाळाही होती. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी हा तिच्या स्थापनेमागचा एक हेतू. (पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणताच तिचं भूचुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावं लागलं. ट्रामच्या विजेने सुया भरकटल्या असत्या. पण तो वेगळाच विषय.)

ठिणगी पडली १८८१ मध्ये. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी फर्मान काढलं की मुंबईच्या सरकारी कचेऱ्याही यापुढे मद्रास वेळेने चालतील. पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव मिळालं तेच हे फर्ग्युसन. शहर बिथरलं. मद्रासचा अर्धा तास आमच्या डोक्यावर का, असा सवाल व्यापारी करू लागले. त्यात एक अडचण घड्याळाचीच होती. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला होता, २८० फूट उंच. प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि आईचं नाव मनोऱ्याला लावलं. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नेम पाळणाऱ्या, दृष्टी गेलेल्या राजाबाईंना टोल ऐकून वेळ कळावी म्हणून हा मनोरा बांधला, असं मुंबईत आजही सांगतात. आख्यायिका असेल, पण गोड आहे. तर हे शहरातलं सगळ्यांत ठळक घड्याळ दाखवत होतं मुंबईची वेळ, आणि विद्यापीठाने ती बदलायला नकार दिला. सरकारने मग आपल्या हातातलं शस्त्र काढलं: मद्रास वेळ दाखवणार नसाल तर रात्री तबकडी उजळण्याचा खर्च आम्ही देणार नाही. एवढं मोठं साम्राज्य आणि भांडण दिवाबत्तीच्या बिलावर आलेलं! अखेर १८८३ मध्ये सरकारनेच माघार घेतली. कचेऱ्या पुन्हा मुंबईच्या वेळेवर आल्या.

पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचचा रेखांश शून्य ठरला आणि जगभर त्याच्यापासून पूर्ण किंवा अर्ध्या तासाच्या पटीत वेळा जुळवण्याचं वारं सुरू झालं. मद्रासची वेळ ५ तास २१ मिनिटं आणि वर काही सेकंद, अशी अडनिडी होती. कर्झन यांच्या कारकिर्दीत हिंदुस्थान सरकारने तोडगा ठरवला: साडेपाच तास, एकच वेळ, १ जानेवारी १९०६ पासून. हा 'साडे' परदेशी माणसाला आजही चमत्कारिक वाटतो, पण त्यामागचा हिशेब सरळ आहे. पाच तास म्हणजे ७५ अंश, सहा तास म्हणजे ९० अंश; देशाचा पसारा या दोन्हींच्या अल्याडपल्याड, म्हणून मधला ८२.५ धरला.

हिशेब सरळ असला तरी मुहूर्त वाईट होता. जेमतेम अडीच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९०५ मध्ये, बंगालची फाळणी झाली होती आणि देशभर स्वदेशीचा वणवा पेटला होता. वरून आलेला कुठलाही हुकूम संशयाने पाहिला जाण्याचे ते दिवस. आणि मुंबईला याची झळ कलकत्त्याहून मोठी: कलकत्त्याचं घड्याळ चोवीस मिनिटं मागे जाणार होतं, मुंबईचं ३९ मिनिटं पुढे ढकललं जाणार होतं. म्हणजे रोज तितकं आधी उठायचं.

कचेरीतल्या साहेबाला ३९ मिनिटं म्हणजे चहाचा एक जादा कप. गिरणी कामगाराचं तसं नव्हतं. गिरणी पहाटेच्या उजेडाबरोबर सुरू व्हायची आणि उजेड संपला की थांबायची. सूर्य हाच त्याचा कामगार कायदा होता. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तोही आधार गेला. पाळी चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणली जाऊ लागली. कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषाचे तास कायद्याने बाराला बांधले जायला १९११ चा कायदा यावा लागला. अशा वेळी मालक सांगतोय की घड्याळ ३९ मिनिटं पुढे जाणार, म्हणजे भोंगा आणखी अंधारात वाजणार. चाळीत मनगटी घड्याळ कोणाकडे होतं? वेळ म्हणजे भोंगा, आणि भोंग्याची दोरी मालकाच्या हातात. जानेवारी १९०६ मध्ये शहराच्या वेशीवरच्या गिरण्यांतले हजारो कामगार काम टाकून बाहेर पडले, त्यांनी गिरण्यांवर दगडफेक केली. शहरातही सभा झाल्या, पंधरा हजारांहून जास्त लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. दिवाबत्तीच्या बिलावरचं भांडण आता पोटापर्यंत आलं होतं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो तो हा दगड. एरवी प्रमाणवेळेचा इतिहास तारायंत्रं आणि परिषदांचा म्हणून सांगितला जातो.

सरकार या खेपेला मागे हटलं नाही, पण शहरही हटलं नाही. रेल्वे, तारघर, सरकारी कचेऱ्या प्रमाणवेळेवर गेल्या. महापालिकेने आपली घड्याळं मुंबईच्या वेळेवरच ठेवली. वर्षानुवर्षं एका रस्त्यावर दोन वेळा नांदल्या. कोणी भेटीची वेळ दिली की 'स्टँडर्ड टाइम की बॉम्बे टाइम?' हा प्रश्न ठरलेला. कलकत्त्याने १९४८ मध्ये आपली जुनी वेळ सोडली. मुंबईने त्याहून उशिरा, १९५० च्या दशकात. देश स्वतंत्र झाला होता आणि विरोध करायला समोर परका सरकारवाला उरला नव्हता, हे एक कारण असावंच.

मधल्या काळात आणखी एक गुंता झाला. दुसऱ्या महायुद्धात इंधन-वीज वाचवण्यासाठी प्रमाणवेळच एक तास पुढे केली गेली. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत ती ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे होती. मुंबईत सूर्य तेव्हा सरासरी दुपारी १.३९ ला माथ्यावर येत होता. याचा त्रास पुढे दोन पिढ्या ज्योतिषांना झाला. १९४३ साली मुंबईत जन्मलेल्या बाळाच्या पत्रिकेवर 'सकाळी १०' लिहिलंय, तर ते कुठले दहा? युद्धकाळातले असतील तर खरी प्रमाणवेळ नऊ. जुन्या मुंबई वेळेचे असतील तर प्रमाणवेळ १०.३९. एक लग्नरास, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास, साधारण दोन तासांची, म्हणजे या घोटाळ्यात बाळाचं लग्नच बदलायचं. फलज्योतिषावर माझा विश्वास नाही, पण जुन्या मुंबईकराची जन्मवेळ ऐकताच 'टाइम कुठला?' असं विचारणाऱ्या ज्योतिषाला इतिहास ठाऊक आहे, हे मानलंच पाहिजे.

प्रश्न आता पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकलाय. देश २९ अंश रुंद, म्हणजे कच्छ आणि अरुणाचल यांच्या सूर्यात जवळपास दोन तासांचं अंतर. आसामच्या चहामळ्यांत घड्याळ प्रमाणवेळेच्या एक तास पुढे ठेवायची जुनी रीत आहे, 'चायबागान टाइम'. १९५१ च्या मळेकामगार कायद्याने अशी स्थानिक वेळ ठरवायची मुभाही दिली होती. २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे देशाची प्रमाणवेळ जी राखते तिथल्याच शास्त्रज्ञांनी, ईशान्येसाठी एक तास पुढची दुसरी वेळ सुचवली. सीमारेषा त्यांनी आसाम आणि पश्चिम बंगाल यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात धरली. कारण तिथून जाणारे लोहमार्ग मोजकेच, त्यामुळे घड्याळ बदलावं लागेल अशी स्थानकंही मोजकी. दीडशे वर्षांनीसुद्धा वेळेच्या वादात पहिला विचार आगगाडीचाच.

महाराष्ट्राच्या आतही हा फरक काही थोडाथोडका नाही. राज्याच्या पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत सूर्य अर्धा तास घेतो. जानेवारीच्या मध्यावर गडचिरोलीत सात वाजायच्या आत उन्हं आलेली असतात, मुंबईत सूर्योदयाला सव्वासात होतात. तेव्हा सातच्या शाळेसाठी रिक्षात डुलक्या घेणारी मुंबईची मुलं अक्षरशः रात्री शाळेला निघालेली असतात. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवू नका असं सांगितलं ते मुलांच्या झोपेचं कारण देऊन, रेखांशाचं नाव न घेता.

मुंबईतल्या काही अग्यारींमध्ये मात्र आजही जुनी बॉम्बे टाइम दाखवणारं घड्याळ चालू ठेवलेलं असतं. पारशी प्रार्थनांचे प्रहर सूर्यावर ठरतात, त्यामुळे तिथे मिर्झापूरचं काही चालत नाही. मे महिन्यात त्या घड्याळासमोर उभं राहिलात आणि बाहेर सावली नाहीशी झाली, तर काटे बाराला चारच मिनिटं कमी दाखवत असतील.