खुर्द्याची गणती: ग्वाल्हेरची मराठी घरं आणि फौजेत गेलेली पोरं

मुलगा डेहराडूनहून लेफ्टनंट होऊन बाहेर पडला तेव्हापासून घरी जो येतो तो हेच विचारतो, "तुमच्याकडे तर कोणी फौजेत नाही, मग याच्या डोक्यात हे आलं कुठून?" सुरुवातीला मी पण हसून "काय माहीत बाई" म्हणून चहा ठेवायला आत जायचे. मग एकदा ई-रिक्षात बसून कंपूवरून बाड्यावर येत होते आणि एकदम वाटलं, अगं, आपण राहतो कुठे? ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. गावाचं नावच मुळी फौज आहे आणि आपण विचारतोय की पोराच्या डोक्यात हे आलं कुठून.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ ठोकला, राजधानी उज्जैनहून इकडे आली, तंबूंच्या जागी हळूहळू वाडे झाले, पण नाव लष्कर ते लष्करच राहिलं. इथल्या वस्त्यांची नावंही तशीच. कंपू म्हणजे महादजींनी १७८४ मध्ये द बॉयन नावाचा युरोपियन अधिकारी नोकरीत ठेवून ज्या कवायती पलटणी उभ्या केल्या त्या. जिन्सी म्हणजे तोफा आणि दारूगोळ्याचं खातं, हुजरात म्हणजे धन्याची स्वतःची खास फौज (आता त्या नावाचा पूल आहे आणि त्यावर कायम ट्रॅफिक जाम), आणि शिंदे की छावनीचा अर्थ तर सांगायलाच नको. आपली आडनावं पण बघा, बक्षी म्हणजे फौजेचा पगार वाटणारे, सबनीस हजेरी ठेवणारे, पागनीस घोड्यांच्या पागा सांभाळणारे. आपण सगळे एकेकाळी फौजेबरोबर चालत आलेली माणसं, फक्त मधल्या दीडशे वर्षांत ते विसरलो, इतकंच.

का विसरलो याचं कारण सरळ आहे. २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेला हरवलं आणि लगेच पुढच्या महिन्यातल्या तहात फौज ९ हजारांवर आणून ठेवली. बाकीच्यांनी काय करायचं? त्यात १८५७ झालं, ग्वाल्हेर काँटिंजंट (इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची इथली फौज) बिथरलं, पुढच्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई इथेच पडल्या, आणि मग किल्लाच १८८६ पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात. मराठी घरांनी तलवारी भिंतीला लावल्या आणि मुलांना शिकवलं. कारकून झाले, मास्तर झाले, वकील झाले, गाणं शिकले. माझे सासरे बँकेत, वडील शाळेत, आमच्याकडे शौर्य म्हणजे जास्तीत जास्त युनियनच्या मीटिंगमध्ये उभं राहून बोलणं.

तरी मला सगळ्यात जास्त अडकवून ठेवतं ते त्याच्याही आधीचं, पानिपतचं. लढाई १४ जानेवारी १७६१ ची. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघालेले, ते भेलशापर्यंत पोचले होते, म्हणजे आपलं विदिशा, ग्वाल्हेरहून भोपाळला जाताना लागतं ते. तिथे त्यांच्या हाती एका सावकाराचं सांकेतिक पत्र पडलं असं सांगतात, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोत्यांतला एक भाऊसाहेब आणि दुसरा विश्वासराव, नानासाहेबांचा पोटचा मुलगा, अठरा-एकोणीसचा. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब गेले. आई गोपिकाबाई मागे राहिली, पुढे माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, आणि बाई शेवटची वर्षं नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिली. शिंद्यांच्या घरातही तेच, जयाप्पा १७५५ ला नागोरला, दत्ताजी १७६० ला बुराडी घाटावर, जनकोजी आणि तुकोजी पानिपतात. महादजी पायाला जबर जखम होऊन वाचले, राणेखान भिस्त्याने त्यांना बाहेर काढलं म्हणून. ते वाचले नसते तर ना लष्कर वसलं असतं ना आपण इथे असतो.

पण मोती आणि मोहरा यांचं सगळं लिहून ठेवलंय. खुर्दा म्हणजे सुटे पैसे, चिल्लर. त्या चिल्लरमध्ये जे हजारो होते त्यांच्या आयांना कोणी पत्र लिहिलं असेल? माझा मुलगा एसएसबीसाठी, म्हणजे फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या निवडीच्या परीक्षेसाठी, भोपाळला गेला तेव्हा मी पण बरोबर होते, विदिशा स्टेशनवर गाडी थांबली आणि तो खाली उतरून समोसे घेऊन आला. मला ते पत्र आठवलं. त्याला काही बोलले नाही, म्हटलं परीक्षेला चाललाय, उगाच कशाला.

पुढे सगळ्या काळात हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपात दिसते. मुलगा फौजेत असला की घराला खरी काळजी असते ती बातमी कशी येईल याची. १९४८ मध्ये मध्यभारत राज्य झालं, मग संस्थानी फौज भारतीय सैन्यात गेली, आणि इकडच्या मराठी घरांतूनही पुन्हा एखाद-दुसरा मुलगा जायला लागला. आमच्या यजमानांचे एक चुलत काका १९७१ मध्ये पूर्वेला होते. लढाई ३ ते १६ डिसेंबर, चौदाच दिवस, पण आजेसासूबाई सांगायच्या की ते चौदा दिवस घरातल्या सगळ्यांचे कान सायकलच्या घंटीकडे, कारण तारवाला सायकलवर यायचा. पत्रावर नुसता नंबर आणि एपीओ (फौजेचं टपाल ऑफिस), म्हणजे मुलगा कुठे आहे ते कळणारच नाही अशी सोय. तार आलीच, २० का २२ तारखेला, आणि ती न उघडताच घरात रडारड सुरू झाली, शेजारचे धावत आले, शेवटी एका कॉलेजातल्या पोराने उघडून वाचली तर इंदूरच्या आत्याला मुलगा झाला होता! ते बाळ आता पंचावन्नच्या घरात आहे आणि दर लग्नात त्याला ही गोष्ट ऐकवतात. काका जानेवारीत सुखरूप आले.

तेव्हा एखादा गेला तर बहुतेक वेळा तिकडेच लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार व्हायचे, घरी तार यायची आणि मागाहून त्याची ट्रंक. ट्रंक उघडणाऱ्या आईची कल्पना करवत नाही. हे बदललं १९९९ मध्ये, कारगिलला, तेव्हापासून तिरंग्यातलं पार्थिव गावोगाव घरी यायला लागलं. ५२७ जवान गेले. ते युद्ध आपण टीव्हीवर बघितलं, आणि ग्वाल्हेरात तर वेगळंच होतं कारण २४ जूनला टायगर हिलवर बॉम्ब टाकणारी मिराज विमानं आपल्या महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरच्या स्क्वाड्रनची. १९८५ पासून ती इथे आहेत, त्यांचा आवाज इथल्या लहान मुलांना कुकरच्या शिट्टीइतका ओळखीचा. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटला पण इथूनच उडाली. सकाळी बातम्या लागल्यावर कॉलनीत मिठाई वाटली, मी पण खाल्ली. मग २८ जानेवारी २०२३ ला इथूनच सरावाला निघालेलं एक मिराज आणि एक सुखोई मोरेन्याजवळ पडलं, मिराजचा पायलट गेला. लढाई नाही, काही नाही, रोजचा सराव. त्या दिवशी माझा मुलगा खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे फौजेच्या अकॅडमीत, होता आणि विमानाशी त्याचा दुरूनही संबंध नाही, तरी मी त्याला फोन लावला. उचलला नाही, अकॅडमीत कसा उचलणार.

एनडीएचा विषय निघालाच आहे तर तिथल्या एका कागदाबद्दल सांगते, कारण अभिमानाचे फोटो सगळे टाकतात, या कागदाचा कोणी टाकत नाही. भरती होताना आईबापाला एक सर्टिफिकेट सही करून द्यावं लागतं की ट्रेनिंगमध्ये मुलाला काही इजा झाली तर सरकारकडे भरपाई मागण्याचा आपला हक्क नाही हे आम्हाला पूर्ण समजलंय. शिवाय बाँड, मुलगा मर्जीने सोडून आला तर खर्च परत करायचा. यजमान बँकेतले, आयुष्यभर लोकांकडून सह्या घेतल्या, त्यांनी तो कागद तीनदा वाचला आणि मग म्हणाले, "पेन दे, हे चालत नाहीये." चांगलं चालत होतं पेन.

बारावीच्या वयाच्या पोरांच्या आयांना सही चुकत नाही. अग्निवीरमध्ये, म्हणजे जवानांच्या चार वर्षांच्या भरतीत, पण अठराच्या खाली असेल तर फॉर्मवर आईबापाची सही लागते. १४ जून २०२२ ला ती योजना जाहीर झाली आणि दोनच दिवसांनी गोला का मंदिर आणि बिर्लानगर स्टेशनवर काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं. मला तोडफोड पटत नाही, पण भिंड-मोरेन्याची पोरं पहाटे चारला रस्त्यावर पळताना मी वर्षानुवर्षं बघतेय, त्यांच्या घरी फौज म्हणजे शेतीचा एक हंगाम बुडाला तरी चालणारा पगार आणि म्हातारपणची पेन्शन. चार वर्षं नोकरी आणि त्यानंतर शंभरातले पंचवीसच राहणार म्हटल्यावर त्या घरातली काळजी माझ्यापेक्षा फार वेगळी आहे. आमच्या दूधवाल्याचा मुलगा अग्निवीर आहे, तो मला म्हणाला, "भाभीजी, आपको गोली का डर है, हमको पाँचवें साल का।" मी काय उत्तर देणार?

मुलींचं पण आता सुरू झालंय. ऑगस्ट २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली केली, २०२२ मध्ये पहिली बॅच आत गेली आणि मे २०२५ मध्ये सतरा जणी बाहेर पडल्या. माझ्या नणंदेची मुलगी अकरावीत आहे, तिने भिंतीवर त्यांचा फोटो लावलाय, नणंद माझ्याशी आठवडाभर बोलली नाही, जणू मीच लावला.

एक चांगलं झालंय म्हणजे आईबापांना आता समारंभात जागा आहे. डेहराडूनला परेडनंतर पिपिंग असतं, मुलाच्या खांद्यावर तारे आपण लावायचे, आणि जवानांच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये तर आईवडिलांनाच गौरव पदक देतात, छातीला लावून. दूधवाल्याने ते पदक लावूनच आठवडाभर दूध घातलं. खुर्द्याची गणती झाली म्हणायची, निदान नावानिशी.

आणि गणतीवरून आठवलं, कागदावर अजून एक रकाना असतो, नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे काही झालं तर पहिल्यांदा कोणाला कळवायचं. लग्नाआधी तिथे आईबाप, लग्न झालं की बायको, त्यावरून २०२४ मध्ये बरीच चर्चा झाली होती आणि दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटत होतं. मुलाने फॉर्म भरताना फोन करून माझ्या नावाचं आधारवरचं स्पेलिंग विचारलं, मी म्हटलं बाबांचं घाल ना, तर म्हणाला, "बाबा फोन सायलेंटवर ठेवतात." तर सध्या त्या रकान्यात मी आहे, मोबाइल नंबरसकट. त्यामुळे अनोळखी नंबर आला की मी उचलतेच, हात पिठाचे असले तरी, आणि बहुतेक वेळा क्रेडिट कार्डवाले असतात. त्यांच्याशी मी इतकं गोड बोलते की त्यांनाच कळत नाही काय करावं.