पाच मिलिमीटरचा काप पाचचाच आहे कशावरून?

‘आमच्याकडे थ्री टेस्ला एमआरआय, म्हणजे अचूक निदान’ असे फलक हल्ली चौकाचौकांत दिसतात. टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक. पण चुंबक ताकदवान असला म्हणून चित्र बरोबर येतंच असं नाही. ते वरचेवर तपासावं लागतं. खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार घालायला हरकत नाही, पण त्याने चित्रातला दोष कळत नाही. तो कळतो फँटममुळे, म्हणजे रुग्णाच्या जागी ठेवून ज्याचं चित्र काढतात त्या ठाऊक मापांच्या चाचणी-वस्तूमुळे.

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीचा मोठा फँटम म्हणजे आतून १९० मिमी व्यासाचा आणि १४८ मिमी लांबीचा अॅक्रिलिकचा डबा. आत निकेल क्लोराइड आणि मीठ विरघळवलेलं पाणी. त्याच्या चित्रांवर सात चाचण्या होतात. त्यातली माझी लाडकी कापाच्या जाडीची. काप म्हणजे एमआरआयच्या एका चित्रात दिसणारा शरीराचा पातळ थर.

गंमत अशी, की काप आपल्याला समोरून दिसतो. त्याची जाडी नजरेच्या दिशेतच दडलेली, मग मोजायची कशी? त्यासाठी फँटममध्ये एकमेकींच्या उलट दिशांना कललेल्या, द्रवाने भरलेल्या दोन पातळ फटी असतात. उतार दहास एक. त्यामुळे ५ मिमी जाडीचा काप चित्रात ५० मिमी लांबीच्या दोन उजळ पट्ट्या दाखवतो. फँटम एका अंशाने कलला तर? एक पट्टी ४२.५ होते, दुसरी ६०.७. साधी सरासरी घेतली तर जाडी ५.१६ येते, म्हणजे चुकतेच. पण दोन्ही लांबींच्या गुणाकाराला बेरजेने भागून ०.२ ने गुणा: बरोबर ५! जाडी उताराच्या टॅन्जंटशी बांधलेली असते आणि एका फटीचा कोन वाढतो तेवढाच दुसरीचा घटतो, म्हणून हा गुणाकार-बेरजेतून काढलेला मध्य (हरात्मक मध्य) कलण्याची चूक जवळपास खाऊन टाकतो. ०.७ मिमीपर्यंतचा फरक चालतो.

हातानं मोजताना पट्टीचं धूसर टोक नेमकं कुठे संपतं, यावर दोन तंत्रज्ञांचं एकमत होत नाही. सॉफ्टवेअर पट्टीच्या उजळपणाचा आलेख काढतं आणि तो निम्म्यावर येतो ती जागा पिक्सेलच्या अंशापर्यंत ठरवतं. लंडनच्या गाइज अँड सेंट थॉमस रुग्णालयातल्या मंडळींचं ‘हेझन’ हे खुलं सॉफ्टवेअर अशीच मोजमापं आपोआप करतं. यात ‘एआय’चा चमत्कार लागत नाही, शाळेतली भूमिती पुरते.

मात्र डब्यात वर हवेचा बुडबुडा साठला, तर प्रोग्राम त्यालाच फँटमची कड समजून डब्याचा व्यास कमी सांगू शकतो. म्हणून आकडा मर्यादेबाहेर गेला की इंजिनिअरला बोलावण्याआधी मूळ चित्र उघडून बघायचं.